आधी निरोगी, मग आजारी

"आधी निरोगी, मग आजारी. उलटी पावलं टाकायची नाहीत. काय सांगितलं मी?"

"आधी निरोगी, मग आजारी, बाई."

"आणि तुझं खाणं?"

"आधी त्यांचं, मग माझं."

"हं. जा आता. आणि चपला इथंच काढ."

हा आवाज मोठ्या बाईंचा. बाईंनी कीड संशोधनाचं हे केंद्र सोडून तीन वर्षं झाली, पण रोज सकाळी दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अळीताई उभ्या राहिल्या की तो कानात येई. डावीकडचं दार निरोगी खोलीचं. तिथं दोन जातींच्या अळ्या वाढायच्या, खायच्या, कोषात जायच्या, पतंग होऊन अंडी घालायच्या. उजवीकडचं दार आजारी खोलीचं. तिथं अळ्यांना खाद्यातून विषाणू द्यायचा, त्या मेल्या की त्यांचाच अर्क काढून बाटल्यांत भरायचा, आणि तो फवारायला शेतकरी घेऊन जायचे. या विषाणूनं हरभऱ्यावरची घाटेअळी मरते. माणसाला, गुराला, मधमाशीला काही होत नाही. पण तो चुकून डावीकडे शिरला तर पुढच्या पिढीसकट सगळा कारभार आटोपला. म्हणून सकाळी आधी डावी खोली, मग उजवी, आणि उजवीत पाऊल पडलं की त्या दिवशी डावीचं तोंड बघायचं नाही.

हा केंद्राचा नियम. "आधी त्यांचं, मग माझं" हा मात्र नियम नव्हता. तो बाईंचा नेम होता, आणि बाईंकडून अळीताईंनी घेतला होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या येऊन डब्यांत खाद्य घालून जात, मगच तोंडात काही टाकत. त्यांचे यजमान आल्यागेल्याला सांगत, "आमच्या हिला हजार पोरं. प्रत्येकाला सोळा पाय. मला दोनच, म्हणून माझा नंबर शेवटी."

त्या सकाळी अळीताईंनी डावीकडचं दार उघडलं, दिवा लावला, वरचा ट्रे उचलला, आणि वाकून पुन्हा बघितलं.

एरवी अळ्या खाद्यावर तुटून पडलेल्या असायच्या. आज खाद्य तसंच होतं. ट्रेच्या खणाखणांत अळ्या चढून झाकणाला पोचल्या होत्या, आणि मागच्या पायांनी झाकणाला धरून डोकं खाली टाकून लोंबकळत होत्या. मऊ, फुगलेल्या, निस्तेज. दुसरा ट्रे तसाच. तिसऱ्यात निम्म्या.

असं मरण अळीताईंनी हजारदा पाहिलं होतं. पण उजव्या खोलीत.

त्या तशाच मागं सरकत दाराबाहेर आल्या. हात अंगापासून लांब धरले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"ताई, काय झालं? भूत बघितलं का?" केंद्राचा ड्रायव्हर अंगणात जीप पुसत होता. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला नगारा म्हणत. तो हळू बोलला तरी शेजारच्या इमारतीतले लोक वळून बघायचे.

"हळू बोल रे. ब्लीचची बादली आण. मोठी."

"डावीकडं? तुम्ही असताना?"

त्या 'तुम्ही असताना'नं अळीताईंना अंगणातच बसावंसं वाटलं.

बाईंचा दुसरा नियम तितकाच साधा होता. निरोगी खोलीत आजार दिसला तर विचार करत बसायचं नाही. सगळं ब्लीचमध्ये बुडवायचं, भिंती पुसायच्या आणि नव्या अंड्यांपासून सुरुवात करायची. नगाऱ्यानं बादली आणून ठेवली. अळीताईंनी ट्रे हातात घेतला, पण बुडवताना हात थबकला. दयेनं नव्हे, दया त्यांनी या कामात फार पूर्वी देवाच्या पायाशी ठेवली होती. त्या आठवत होत्या. आठ दिवसांपूर्वीची ती सकाळ. त्या दोन दिवसांच्या रजेवरून धावतपळत परत आल्या होत्या. आल्या त्या आधी कुठल्या दारात शिरल्या? हात धुतले होते का? धुतलेच असणार. पण रोज केलेली गोष्ट आठवत नाही, हीच तर पंचाईत. कुणी श्वास मोजत नाही, तसं हात धुणंही त्यांनी कधी मनात नोंदवलं नव्हतं.

रजा बाईंसाठीच होती. बाईंना सांभाळणाऱ्या भाचीला परगावी जावं लागलं, म्हणून अळीताई तिथं राहिल्या. बाईंच्या खिडकीत एका खोक्यात रेशमाचे थोडे किडे होते. निवृत्तीनंतर बाईंनी हौसेनं पाळलेले. अळीताईंनी त्यांना तुतीची पानं घातली, मग बाईंना भरवलं, मग स्वतः खाल्लं. बाई खुर्चीत बसून बघत होत्या.

"तू नवीन का गं?" त्यांनी विचारलं.

गेलं वर्षभर त्या असंच विचारत. पहिल्यांदा अळीताई न्हाणीघरात जाऊन रडल्या होत्या. आता त्या म्हणत, "हो बाई, नवीनच." मग बाई ताठ बसत आणि सांगू लागत, "हे बघ, आधी निरोगी, मग आजारी..."

त्या दोन दिवसांत इकडं डाव्या खोलीत नव्या अळ्या एकाच डब्यात दाटीवाटीनं वाढत राहिल्या. या जातीच्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून थोड्या मोठ्या झाल्या की लगेच एकेकीला वेगळा खण द्यावा लागतो. नगाऱ्याला त्यांनी बजावलं होतं, "नुसतं बघ, हात लावू नकोस." त्यानं बिचाऱ्यानं नुसतं बघितलं. आल्यावर अळीताईंनी घाईघाईनं सगळ्या वेगळ्या केल्या. आणि आज हे.

बाईंसाठी बाईंचाच नियम मोडला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी डोळे मिटले आणि ट्रे पाण्याकडं नेला.

"थांबा!"

फाटकातून मॅडम आत येत होत्या. बाईंच्या जागी आलेल्या मॅडम वयानं लहान, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. एक गोष्ट मात्र उलटी होती: मनातून उचंबळून आलं की त्या कुजबुजायला लागत. त्यांनी ट्रेवर वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि कुजबुजल्या, "अळीताई, या कुठल्या अळ्या?"

"लष्करी. मक्यावरच्या त्या परक्या. मॅडम, माझ्याच हातून गेलं असणार. उजवीकडचं..."

"गेलं असेल तर जाऊ दे. त्यानं यांना काय झालं असतं?"

अळीताईंनी ट्रे बादलीवरून मागं घेतला.

मॅडम बोटं नाचवत कुजबुजत होत्या, "आपला विषाणू घाटेअळीचा. तीन वर्षं आपण तो या बयांना पाजतोय. काय झालं आजवर?"

"सरबत प्यायल्यासारखं पिऊन ढेकर दिला त्यांनी," नगारा गरजला.

हे खरं होतं. या लष्करी अळीचा करडा पतंग समुद्रापलीकडून तीन वर्षांपूर्वी आला आणि मक्याच्या रानांत असा फोफावला की औषधं मारून लोक थकले. त्याच्या मायदेशात त्याला मारणारा विषाणू आहे, हे पुस्तकांत होतं. पण तो इथं आणायची परवानगी मिळेना, आणि इथला विषाणू त्याला लागेना. मोठ्या बाई केंद्रातून शेवटच्या दिवशी निघताना म्हणाल्या होत्या, "पाहुणा येतो तो आपलं दुखणं घेऊनच येतो. आज ना उद्या याच्याही अळ्या उलट्या लटकलेल्या दिसतील. दिसल्या की मला येऊन सांग. फोनवर नको. तुझं तोंड बघायचंय मला तेव्हा."

"येईन बाई," अळीताई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून किती रानं पालथी घातली, किती शेतकऱ्यांच्या विनवण्या केल्या, आणि आज...

"मग हे काय आहे, मॅडम?" अळीताईंनी विचारलं.

उत्तर द्यायला मॅडम थांबल्याच नाहीत. एका मेलेल्या अळीचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. अळीताई दारात उभ्या. नगारा खिडकीत. मॅडमनी चाक फिरवलं, श्वास रोखला आणि उठून अळीताईंना खुर्चीत बसवलं. वर्तुळात ओल्या उजेडात चमकणारे बारीक दाणे होते. गच्च. साखर सांडल्यासारखे.

"विषाणूच," मॅडम म्हणाल्या. "पण आपल्याच जुन्यानं रूप बदललं असंही म्हणतील लोक. आपल्या निष्काळजीपणातून आलेला, म्हणतील. हा पतंगाचा स्वतःचा असेल तर तो रानात सापडला पाहिजे. ही अंडी कुठून आणली होती तुम्ही?"

अळीताई ताडकन उठल्या.

गेल्या महिन्यात खोलीतल्या लष्करी अळ्यांची जात थकत चालली होती, म्हणून त्यांनी रानातून नवे अंडीपुंज आणून, ब्लीचच्या फिक्या पाण्यात धुऊन, डाव्या खोलीत घेतले होते. ते त्यांच्या धाकट्या भावाच्या मक्यातले होते. त्याच मक्याच्या कडेच्या चार ओळींवर औषध मारू नकोस म्हणून त्या त्याच्या हातापाया पडल्या होत्या. औषधानं सगळंच मरतं, आजारी अळीसुद्धा. मग शोधायचं काय? धाकट्यानं कुरकुरत कबूल केलं होतं, पण मुदत घातली होती.

"मॅडम, तो आज फवारणार आहे!"

"फोन लावा."

"रानात असला की उचलत नाही तो."

नगाऱ्यानं जीप चालू केली होती.

त्या दिवशी नगाऱ्यानं कसा गाडा हाकला, ते तो पुढं वर्षभर सांगत राहिला. दर वेळी रस्ता थोडा वाकडा आणि खड्डे थोडे खोल होत गेले. आजारी ट्रे मागच्या बाकावर खोक्यात बंद करून घेतले होते. मॅडमना ते रानातल्या अळ्यांशी ताडून बघायचे होते. अळीताई पुढं बसून ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होत्या. पोटात अन्नाचा कण नव्हता. सकाळी अळ्यांना खायला घालणं झालंच नव्हतं, तर त्या खाणार कशा? आणि गंमत म्हणजे त्यांना भूकही आठवत नव्हती.

धाकटा बांधावर उभा होता. पाठीवर पंप, नळी हातात, तोंडाचं फडकं हनुवटीवर. नगाऱ्यानं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला.

"अरे, मोर्चा आणलाय का काय?" धाकटा ओरडला. "ताई, मुदत संपली बरं का. तुझ्या लेकरांनी माझं रान चाळण करून टाकलंय. आता नाही ऐकणार."

"मारलंस?" अळीताई जीपमधून उतरतानाच ओरडल्या. त्यांना इतकं मोठ्यानं ओरडताना धाकट्यानं लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

"बाकीचं झालं सगळं. आता तुझ्याच ओळी राहिल्यात."

"पंप खाली ठेव."

"ताई..."

"धाकट्या, पंप खाली ठेव म्हटलं ना!"

त्यानं ठेवला.

चौघं चार ओळींत शिरले. मक्याची पानं दातेरी फाटलेली, मधल्या कोवळ्या पानांच्या पोंग्यांत भुशासारखी विष्ठा. अळीताई एकेका पोंग्यात डोकावत गेल्या. आत अळी. जिवंत. पुढच्यात अळी. जिवंत, चांगली गुबगुबीत. त्यापुढच्यात दोन, एकीनं दुसरीला अर्धं खाल्लेलं. निरोगी. ठणठणीत निरोगी. आयुष्यभर निरोगी अळी बघून ज्यांचा जीव थंड व्हायचा, त्या अळीताईंचा जीव आज प्रत्येक निरोगी अळीनं खाली खाली जात होता.

"नाही हो," ओळ संपल्यावर त्या मॅडमना म्हणाल्या. "माझ्याच हातून झालं असणार."

धाकट्याला वाईट वाटलं. बहिणीची चेष्टा करण्यात त्याची हयात गेली होती, पण तिचा असा चेहरा त्याला सोसत नसे. तो उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "एवढ्या काय त्या पोंग्यात बघताय? त्या तिकडं तर तुऱ्यावर चढून बसल्यात. उन्हानं वाळून मेल्यात, मूर्ख कुठल्या."

अळीताई गर्रकन वळल्या.

"कुठं चढल्यात?"

"वर. शेंड्याला."

आजारी अळी वर चढते. हे जगात कुणाला ठाऊक नसलं तरी अळीताईंना ठाऊक होतं. रोज झाकणावरून त्यांना खरवडून काढण्यात त्यांची उमर गेली होती. आणि आज त्या खाली बघत बसल्या होत्या, निरोगी अळी जिथं राहते तिथं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या धाकट्याला बाजूला सारून धावल्या.

ओळीच्या टोकाला, तुऱ्याच्या खाली, पानाच्या अगदी कडेला एक अळी मागच्या पायांनी पान धरून उलटी लोंबत होती. काळपट, ओघळलेली, पाण्याचा थेंब पडायच्या बेतात असतो तशी. शेजारच्या ताटावर तिची बहीण. पलीकडं आणखी. मान वर करून बघितलं तर ओळीच्या ओळीत शेंड्याशेंड्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर तसेच बारीक काळे आकडे लोंबताना दिसत होते.

"मॅडम!"

मॅडम आल्या. त्यांनी वर पाहिलं आणि काहीतरी बोलल्या. ओठ हलले, आवाज मुळीच आला नाही. पुन्हा बोलल्या. पुन्हा काही नाही.

"मॅडम म्हणतायत सापडला!" नगाऱ्यानं त्यांच्या वतीनं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या रानातले पक्षी उडाले. "सापडला! सापडला हो!"

मग काय झालं ते नीट कुणालाच सांगता येईना. मॅडमनी अळीताईंचे दोन्ही हात धरून गरकन फिरवलं. नगाऱ्यानं धाकट्याला मिठी मारली. धाकटा मिठीतूनच विचारत होता, "अरे, पण म्हणजे मी औषध मारू का नको?" हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम आता भानावर येऊन भरभर बोलत होत्या. आजार अंड्यांतूनच दबून आला असावा. नेहमीप्रमाणे वेळेवर वेगळ्या केल्या असत्या तर कदाचित तो झोपूनच राहिला असता. दोन दिवस दाटीवाटीत जीव मेटाकुटीला आले आणि आतलं दुखणं वर आलं. "अजून ताडून बघायचंय हं, अळीताई. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. पण मला असंच वाटतंय."

अळीताई ऐकत होत्या. मग त्या मागं वळल्या, त्या पहिल्या लोंबत्या अळीपुढं उभ्या राहिल्या, आणि त्यांनी हात जोडले.

"मेल्या किड्याला नमस्कार?" धाकटा म्हणाला.

"किड्याला नाही रे," त्या हळूच म्हणाल्या.

पुढचे दिवस भरकन गेले. मॅडमनी रानातल्या मेल्या अळ्यांचा अर्क केला. तो घाटेअळ्यांना खाऊ घातला. त्या गालफडं भरभरून खात राहिल्या, त्यांना त्याचं काहीच नव्हतं. तोच परक्या अळ्यांना घातला. त्या वर चढल्या आणि उलट्या लटकल्या. ज्या संध्याकाळी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेचा निरोप आला, त्या वेळी अळीताई आजारी खोलीत बाटल्यांना झाकणं लावत होत्या. मॅडम दाराशी येऊन कुजबुजल्या, "वेगळा आहे. जुन्याशी नातं नाही. हा त्याचाच, पतंगाचाच." मग डोळे पुसून म्हणाल्या, "बाईंना फोन लावू?"

"फोन नको म्हणाल्या होत्या त्या."

"मग चला, मी सोडते. आत्ता जाऊ."

अळीताईंनी मान हलवली. "आज मी उजवीकडं होते, मॅडम. बाईंच्या खिडकीत रेशमाचे किडे आहेत. त्यांनाही असलंच दुखणं लागतं."

"हा त्यांना लागायचा नाही हो."

"ठाऊक आहे. पण नियम बाईंचा आहे."

रात्री त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, कपडे उकळत्या पाण्यात टाकले आणि नखं कापली. सकाळी त्या नेहमीच्या वेळेआधी केंद्रावर आल्या. सवयीनं दोन दारांच्या मध्ये उभ्या राहिल्या. डावी खोली धुऊन पुसून रिकामी पडली होती. नवे अंडीपुंज अजून यायचे होते. आत कुणी खायची वाट बघत नव्हतं. अळीताई क्षणभर तिथंच घुटमळल्या. मग त्या कुंपणाकडं गेल्या.

तिथं बाईंनी लावलेलं तुतीचं झाड होतं. धुतलेल्या हातांनी त्यांनी कोवळी पानं बघून बघून खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. घरून आणलेला डबा पिशवीत खाली होता. त्यात बाईंना चावता येईल असं मऊ काही केलं होतं. स्वतःचं त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

"ताई, बसा, सोडतो," नगारा जीपच्या दारातून म्हणाला. आज त्याचा आवाजही थोडा खाली होता.

"नको रे. जीपमधून आजारी ट्रे नेले होते."

"धुतलीय की! दोनदा!"

"तरी नको. चालत जाते."

तो जवळ आला. "ताई, रागावू नका. पण बाईंना कळणार आहे का? त्या तुम्हालाच ओळखत नाहीत."

अळीताईंनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला.

"येऊन सांगेन, असं मी कबूल केलं होतं. ओळखीन, असं त्यांनी कुठं कबूल केलं होतं?"

त्यांनी फाटक उघडलं, बाहेर पडून पुन्हा लावून घेतलं आणि चालू लागल्या. मोठ्या रस्त्याच्या कडेला अजून सावली होती. पानं कोमेजू नयेत म्हणून त्या सावलीसावलीनं निघाल्या. वाक्य त्यांनी मनात तयार ठेवलं होतं. दार उघडलं की बाई विचारतील, तू नवीन का गं? मग म्हणायचं, हो बाई, नवीनच. आणि चपला बाहेर काढायच्या.